गाठीखालची फूट

चैत्र संपत आला की जयपुरात एक दुपार अशी येते, की दोरीवर टाकलेलं धुणं वळून बघेपर्यंत वाळून कडक होतं आणि मागच्या दाराची कडी बोटाला चटका देते. त्या दुपारी लू, इकडचा तापलेला वारा, सुरू झाली असं मी धरून चालते. यंदा ती दुपार आज आली. मी दारं लावून घेतली, खिडकीतल्या वाळ्याच्या पडद्यावर पाणी शिंपडलं. ओल्या वाळ्याचा वास घरभर झाला. सगळ्यांना या वासानं गार वाटतं. मला अजून थोडं चोरट्यासारखं वाटतं. कुणीतरी मागून येऊन विचारील, इंदू, झाड कसं आहे गं, असं.

राजस्थान नवं झालं त्या सुमारास आम्ही जयपुरातल्या बनी पार्कात राहत होतो. घरमालक जवळच्या चौमूं गावी असत. इथल्या घराचे दोन भाग करून त्यांनी ते भाड्यानं दिले होते. डावीकडे आम्ही दोघं, उजवीकडे सुमतीताई आणि त्यांचे डॉक्टर. दोन्ही घरांत अजून मूल नव्हतं. मागच्या अंगणात मधे कमरेएवढी भिंत होती आणि भिंतीच्या टोकाला दोघींत मिळून एक नळ. यांची केंद्र सरकारच्या कचेरीतली नोकरी, बदली इकडे झालेली. मी वाईची. इंटरला असतानाच लग्न ठरलं, पुस्तकं धाकट्या बहिणीला दिली आणि तीन गाड्या बदलून या वाळूच्या गावात येऊन पोचले.

सुमतीताई काटोलकडच्या. वडिलांची संत्र्यांची बाग. त्या एम. ए. झालेल्या होत्या आणि इथल्या मुलींच्या कॉलेजात इतिहास शिकवायच्या. पावणेदहाला त्या घराबाहेर पडत. फिक्या रंगाचं सुती पातळ, काखेत वह्या, हातात काळी छत्री. मी त्या वेळी नळावर भांडी घासत असायची. त्या रोज थांबून दोन शब्द बोलत. काहीतरी पुढे करत. एकदा त्यांनी कॉलेजच्या वाचनालयातून माझ्यासाठी कादंबरी आणली. मी ती आठ दिवस उशाशी ठेवली आणि न वाचता परत केली. आवडली का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

त्यांच्यात मला खटकावं असं काही नव्हतं. तेच मला सोसवत नव्हतं.

हे अबोल. घरात बोलणं म्हणजे आमटीत मीठ आहे की नाही एवढंच. पण संध्याकाळी पुढच्या व्हरांड्यात सुमतीताई आणि डॉक्टर वर्तमानपत्र घेऊन बसले की हे तिकडे जात आणि तासभर बोलत. हसतसुद्धा. मी चहा घेऊन जायची आणि रिकामा ट्रे हातात धरून खांबाशी उभी राहायची. एकदा धीर करून मीही मधे काही बोलले; राज्य नवं झालंय, माणसं जुनीच आहेत, असं काहीसं. सुमतीताई लगेच माझ्याकडे वळल्या, त्यांना ते पुढे ऐकायचं होतं. हे म्हणाले, साखर जरा कमी आहे का बघ. मी साखर आणायला आत गेले ती पुन्हा बाहेर आलेच नाही. मत्सर हा शब्द मला शाळेपासून माहीत होता. तो पोटात नेमका कुठे राहतो, ते मला त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात साखरेच्या डब्याशी उभं असताना कळलं.

पावसाळ्यात सुमतीताई माहेराहून संत्र्याचं कलम घेऊन आल्या. मुळांशी मातीचा गड्डा, त्याला ओलं गोणपाट, आणि ते सगळं त्यांनी सबंध प्रवासभर मांडीवर धरलेलं. कलमाचा डोळा, म्हणजे संत्र्याचा कोंब, त्यांच्या वडिलांनी स्वतः बांधला होता. गल्लीतली माणसं बघायला आली. रस्त्यापलीकडच्या बंगल्यातला माळी म्हणाला, इथल्या वाळूत संत्रं येत नाही, बाईसाहेब उगाच श्रम घेतायत. सुमतीताई हसल्या. कॉलेजातून आल्यावर रोज थोडं थोडं करत त्यांनी मांडीएवढा खोल खड्डा खणला, त्यात गाळ, शेणखत, कडुलिंबाचा पाला भरला आणि हातभर उंचीचं ते रोप मधोमध उभं केलं. एवढीशी पानं. तरी संध्याकाळी व्हरांड्यातली सगळी मंडळी उठून ते बघायला मागे गेली.

त्याच आठवड्यात मी यांना म्हटलं, मलाही झाड हवंय. कसलं, असंही त्यांनी विचारलं नाही. रोपवाटिकेतून पपई घेऊन आले.

पपईनं माझी बाजू घेतली. ती अशी वाढली की बघत राहावं. दसऱ्याला भिंतीच्या वर डोकावली, दिवाळीला माझ्या डोक्यावरून गेली. शेजारी संत्रं आपलं दीड हाताचं. मी मुद्दाम नळावर जास्त वेळ थांबायची. सुमतीताई म्हणायच्या, काय सुरेख आलीय गं तुझी पपई. मी म्हणायची, कशाची, आपोआप येते ती. ते चार महिने मी सुखात होते असं आज मान्य करायला हवं.

इथे गोठलेल्या दंवालाही पाला म्हणतात. आपला पाला झाडावर असतो, इथला झाडावर पडतो आणि झाड मारतो. जानेवारीत एके दिवशी ऊन उतरताना सुमतीताई संत्र्याभोवती गवताच्या पेंढ्या बांधत होत्या. वरून गोणपाट टाकता टाकता त्यांनी भिंतीवरून सांगितलं, आज पाला पडेल असं म्हणतायत, पपईलाही काहीतरी गुंडाळ. मी बरं म्हटलं. घरात दोन जुनी पोती होती. पण त्यांनी शिकवायचं आणि मी ऐकायचं, हे मला त्या दिवशी नको होतं. सकाळी दार उघडलं तर पपईची पानं उकडलेल्या पालकासारखी काळी होऊन लोंबत होती. आठवड्यात खोड मऊ पडून कलंडलं. सुमतीताई आल्या. मी सांगितलं होतं, असा शब्दसुद्धा त्यांनी काढला नाही. नुसता माझा हात हातात घेतला. दूध उतू जाईल म्हणून मी हात सोडवून आत गेले. चुलीवर दूध नव्हतं.

आणि मग उन्हाळा.

एप्रिल संपता संपता कॉलेजला सुट्टी लागली आणि काटोलहून तार आली, वडील आजारी आहेत. डॉक्टर कसल्याशा शिक्षणासाठी सहा महिने दिल्लीला गेलेले. घराला कुलूप लागणार. सुमतीताई झाडाविषयी बोलायच्या आधीच हे म्हणाले, इंदू बघेल की. मला विचारलं नाही.

जायच्या दिवशी सकाळी सुमतीताई मला रोपापाशी घेऊन गेल्या, उकिडव्या बसल्या, मलाही बसवलं. मातीपासून चार बोटांवर खोडाला एक गाठ होती. त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं.

"हिच्या वर संत्रं आहे, खाली जंबेरी. जंबेरी म्हणजे रानटी लिंबू, तिला जोर फार. गाठीच्या खाली काही फुटलं तर लगेच नखानं खुडून टाकशील नं? राहू दिलं तर ती सगळा रस ओढते आणि वरचं मरतं."

मी मान हलवली. इतकं सोपं होतं ते. न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं.

मी त्या झाडाचं काय काय केलं ते सांगायला हवं, कारण आळस मी एक दिवसही केला नाही. सकाळी नळ आला की पहिली बादली त्याची. पाणी बुंध्याला लागू न देता वीतभर अंतरावरच्या आळ्यात. चार बांबू रोवून सुमतीताईंनी वर बगरू गावच्या छापाची जुनी चादर बांधली होती. आंधी आली की ती सुटायची, मी पुन्हा बांधायची. आंधीनंतर पानांवर धुळीचा थर बसायचा. ओल्या फडक्यानं मी एकेक पान पुसायची. दुपारी लू भिंतीवर आपटायची आणि मी खिडकीच्या फटीतून बघायची, ते दीड हाताचं रोप चादरीखाली उभं आहे का. संध्याकाळी हे आले की बूट काढायच्या आत पहिला प्रश्न, झाडाला पाणी घातलं? माझी पपई चार महिने वाढत होती, तिच्याविषयी त्यांनी असं एकदाही विचारलं नव्हतं.

वैशाखातल्या एका सकाळी गाठीच्या खाली मला फूट दिसली. तांबूस-हिरवी, नखाएवढी, तेल लावल्यासारखी चकाकत होती. मी तिच्यावर नख ठेवलं. आणि काढून घेतलं.

एवढ्या उन्हात काहीतरी फुटलंय, ते कसं मारायचं, असं मी स्वतःला सांगितलं. ते खोटं होतं. दुसऱ्या दिवशी मी पाणी घातलं आणि तिकडे बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी बघितलं. तिला तीन पानं आली होती. आठवड्यानं काटे आले. पंधरा दिवसांत ती संत्र्याच्या रोपाएवढी उंच झाली, आणि संत्र्याची पानं कडांनी वळायला लागली. मी घालत होते ते पाणी कुणाच्या पोटात जातंय, हे मला रोज दिसत होतं. मी ते रोज, वेळेवर, बादली भरून घालत होते.

दूध घालायला येणारी गुजरी एकदा भिंतीपाशी थांबून म्हणाली, "बहूजी, पेड़ तो घणा हरा हो गया." लांबून तसंच दिसायचं. यांनाही तसंच दिसलं. एका संध्याकाळी ते मागच्या पायरीवर चहा पीत बसले होते, झाडाकडे बघून म्हणाले, "तुझा हात चांगला आहे." लग्न झाल्यापासून त्यांनी माझ्याबद्दल असं काही म्हटल्याचं मला आठवत नव्हतं. मी खाली मान घालून गव्हातले खडे वेचत राहिले. मला बरं वाटलं. हे लिहायला अजून जड जातं, पण मला फार बरं वाटलं.

ज्येष्ठात सुमतीताईंचं पत्र आलं. वडील गेले. बाग भाऊ विकताहेत, घेणारा झाडं काढून तिथे घरं बांधणार आहे. शेवटी लिहिलं होतं, बाबांच्या हातचं आता ते एकच झाड उरलं, तू आहेस म्हणून मला त्याची काळजी नाही.

पत्र हातात घेऊन मी भर दुपारी अनवाणी अंगणात गेले. पाय भाजत होते ते नंतर कळलं. फूट आता करंगळीएवढी जाड झाली होती, नखाला दाद देईना. मी आत जाऊन सुरी आणली. चादरीखाली बसले. वर बघितलं तर संत्र्याच्या फांद्या जवळजवळ वाळल्या होत्या, एक तेवढी हिरवी राहिली होती. जंबेरी कापली असती तर दाखवायला त्या फांदीखेरीज हिरवं असं काहीच उरलं नसतं. त्या क्षणी मला सुमतीताईंच्या वडिलांचं वाईट वाटत होतं, पण त्याहून जास्त मला आपण उघड्या पडू याची भीती वाटत होती. मी सुरी पदराखाली घेऊन परत आले. संध्याकाळी त्यांना पत्र लिहिलं. वडिलांबद्दल जे लिहायचं ते लिहिलं, आणि झाडाबद्दल एकच ओळ: झाड हिरवं आहे.

त्या आल्या तेव्हा आषाढ लागला होता. यांनी स्टेशनवर जाऊन त्यांना आणलं. कुलूप उघडायच्या आधी त्या तशाच मागे गेल्या. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. त्या झाडापाशी बसल्या, चादर बाजूला केली, दोन बोटांनी गाठ चाचपली, मग खालची फूट, मग वरची एक वाळकी काडी. काडी मोडून बघितली. बागायतदाराच्या मुलीला आणखी काही बघायची गरज नव्हती. मी बाहेर येऊन भिंतीशी उभी राहिले. हे त्यांची वळकटी घेऊन मागे उभे.

सुमतीताईंचे डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचा होता. त्या म्हणाल्या, चूक माझीच आहे, तू कधी बागेत वावरली नाहीस, तुला कुठून कळणार, घाईघाईत मी नीट सांगितलं नाही. आणि हे मागून म्हणाले, खरंय, तिला कसं कळणार.

मला सोडून दिलं होतं त्यांनी. मी गप्प बसले असते तर गोष्ट तिथेच मिटली असती.

"मला कळत होतं," मी म्हटलं. "पहिल्याच दिवशी बघितलं होतं मी. मुद्दाम ठेवलं."

या बोलण्याला कुणी प्रामाणिकपणा म्हणेल. मीही पुष्कळ वर्षं तसं म्हणून बघितलं. पण तो प्रामाणिकपणा नव्हता. यांच्यासमोर, त्या बाईसमोर, न कळणारी म्हणून माझी कीव केली जावी हे मला सहन झालं नाही. वाईट ठरले तरी चालेल, अडाणी नको. ज्या मत्सरानं मी ती फूट ठेवली, त्यानंच ते माझ्याकडून वदवून घेतलं.

सुमतीताईंनी, का, एवढंच विचारलं. हे जमिनीकडे बघत होते, आणि मला वाटतं त्यांना उत्तर थोडंफार माहीत होतं. सुमतीताईंनी यांच्या हातातली वळकटी घेतली आणि त्या घरात गेल्या.

दोन महिने आम्ही नळावर एकमेकींशी बोललो नाही. एकीची बादली भरली की दुसरी पुढे यायची. हेही व्हरांड्यात जायचे बंद झाले. मला ते रागावले नाहीत, समजूतही घातली नाही. एवढंच झालं, की वर्तमानपत्र वाचून झालं की ते माझ्यासमोर ओट्यावर ठेवायला लागले, आणि जेवताना कधीतरी विचारायचे, आज काय वाचलंस. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मला काही सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी वाचायला लागले.

भाद्रपदात एका सकाळी सुमतीताईंनी भिंतीवरून हाक मारली. मोकळी असलीस तर ये, म्हणाल्या, दोन हात कमी पडतात. त्यांच्या हातात वडिलांचा कलमाचा चाकू होता, लाकडी मुठीचा, आणि मेणकापडाच्या पट्ट्या. संत्र्याच्या त्या एका हिरव्या फांदीवर चार डोळे जिवंत होते. ते काढून त्या जंबेरीच्या फुटीवर बांधणार होत्या. मी वाढवलेल्या फुटीवर. तेवढ्या जाडीचं दुसरं काही तिथे नव्हतं. त्यांनी सालीवर चीर दिली, साल अलगद उचलली, नखाएवढा डोळा आत सरकवला. मी फूट धरून होते. काटा माझ्या तळहातात गेला होता, पण मी हात हलवला नाही.

मी काहीतरी बोलणार हे त्यांना कळलं असावं. वर न बघता त्या म्हणाल्या, "मला तुझा राग आला होता. अजून आहे. इथे अंगठा ठेव, घट्ट."

मी अंगठा ठेवला. त्यांनी पट्टी गुंडाळली.

चारांपैकी तीन डोळे वाळून गेले. एक धरला. दिवाळीच्या सुमारास त्यातून हिरवं टोक बाहेर आलं तेव्हा त्यांनी मला बोलावून दाखवलं. मग त्यांनी त्या डोळ्याच्या वरची सगळी जंबेरी छाटून टाकली. त्या थंडीत झाडाला पोती बांधली ती दोघींनी मिळून. त्यामुळे आम्ही जिवाभावाच्या मैत्रिणी झालो असं मात्र नाही. बोलणं सुरू झालं, जपून. पुढच्या वर्षी डॉक्टरांना भोपाळला नोकरी लागली आणि ती दोघं निघून गेली. टांगा कोपऱ्यावर वळेपर्यंत मी फाटकात उभी होते, आणि खरं सांगायचं तर तो वळल्यावर मला हलकं वाटलं.

माणूस गेलं म्हणून मत्सर जात नाही. पुढे मी बाहेरून इंटरची परीक्षा दिली, मग बी. ए. केलं. लोक म्हणतात, घर सांभाळून शिकली. मी शिकले ती सुमतीताईंविषयीच्या मत्सरापायी. निकाल लागला तेव्हा मनात पहिला विचार हाच आला, की हे त्यांना कसं कळेल.

त्यांच्या जागी माथुर कुटुंब आलं. माथुरभाभींना झाडांची हौस नव्हती, पण संत्र्याला आता कुणाची गरजही उरली नव्हती. ते भिंतीच्या वर आलं. आम्ही ते घर सोडलं त्याच्या आदल्या हिवाळ्यात त्याला पहिली फळं धरली. पाच की सहा. लहान, जाड सालीची, एका बाजूनं हिरवी. पौषातल्या एका सकाळी माथुरभाभींनी त्यातलं एक तोडलं आणि भिंतीवरून माझ्या हातात दिलं.

"लो जी, पहला फल आपका. आप ही के हाथ का पेड़ है ना?"

कुणी त्यांना तसं सांगितलं होतं की त्यांचा त्यांनीच समज करून घेतला होता, कोण जाणे. मी नाही म्हटलं नाही. हे मागच्या पायरीवर ऊन खात दाढी करत होते. त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, सुमतीबाईंना कळवायला हवं. मी हो म्हटलं आणि त्यांच्याशेजारी पायरीवर बसले.

साल सोलताना बोटांना तेलकट वास लागला. सुमतीताईंनी या झाडाचं फळ बघितलंही नव्हतं. त्यांच्या वडिलांच्या हातचं जे काही या जगात उरलं होतं, त्याचा पहिला घास मी घेणार होते. हा विचार मनात येताच मी आनंदले, आणि आनंदले म्हणून मला लाज वाटली, आणि लाज वाटत असतानाच मी पहिली फोड तोंडात टाकली. थंडीनं ती गारठून गेली होती. रस गोड होता. इतका गोड की माझे डोळे मिटले.

यांनी वस्तरा खाली ठेवला.

"कसं आहे?"

"आंबट," मी म्हटलं.

त्यांनी तरीही हात पुढे केला. मी उरलेल्या फोडी ओंजळीत घेतल्या, त्यांच्याकडे पाठ फिरवली आणि सगळ्या, बियांसकट, एकटीनं खाल्ल्या.